आखाती पैसा आणि रत्नागिरीचा विकास: पीएचडीसाठी तुलना कुणाशी करायची?

तुमचा प्रश्न इतर वाचकांसाठी थोडक्यात मांडतो. तुम्ही अर्थशास्त्रात पीएचडीला नोंदणी केली आहे. विषय आहे आखाती देशांतल्या स्थलांतराचा रत्नागिरी जिल्ह्याच्या विकासावरचा परिणाम. आराखडा असा: ज्यांचं कुणी आखातात आहे अशी २०० कुटुंबं, ज्यांचं कुणी नाही अशी २०० कुटुंबं, दोघांना एकच प्रश्नावली आणि शेवटी सरासरींची तुलना. तुम्हाला हवं आहे ते दोन गोष्टींबद्दल: सिद्धांत कोणता घ्यायचा आणि जिल्ह्याची आकडेवारी कुठे मिळेल.

दोन्हींबद्दल सांगतो, पण अडचण तिथे नाही. अडचण त्या दुसऱ्या २०० कुटुंबांत आहे. ही कुटुंबं म्हणजे 'आखात नसतं तर पहिल्या कुटुंबांचं काय झालं असतं' याचं चित्र, असं तुम्ही गृहीत धरलंय. कोकणात हे गृहीतक टिकत नाही. प्रबंधाच्या तोंडी परीक्षेत हा प्रश्न कुणी विचारेलच असं नाही, पण निष्कर्षाचा सगळा भार त्याच्यावर आहे.

आधीच सांगतो, पुढचं बरंचसं तुमच्याकडे वेळ किती, हाताशी माणसं किती आणि मार्गदर्शक आराखडा बदलू देतील का, यावर अवलंबून आहे. नोकरी सांभाळून एकट्याने काम करणार असाल तर जिल्हा सोडा आणि दोन-तीन गावं घ्या. तीन गावं नीट समजून घेतलेला प्रबंध जिल्ह्यावरून हात फिरवलेल्या प्रबंधापेक्षा जास्त वर्षं वाचला जातो.

सिद्धांताचं लवकर उरकतो. या विषयातलं मत गेल्या सत्तर वर्षांत लंबकासारखं हललं आहे आणि हा इतिहास स्थलांतराचे अभ्यासक हाइन द हास यांनी चांगला मांडला आहे. १९५०-६० च्या दशकांत वाटायचं की बाहेर गेलेला माणूस पैसा आणि कौशल्य आणेल, गाव वर येईल. १९७०-८० मध्ये सूर उलटला: तरुण जातात, शेती ओस पडते, गाव परावलंबी होतं. नव्वदनंतर पुन्हा आशा वाढली, कारण परदेशातून येणाऱ्या पैशाचे आकडे डोळ्यांत भरू लागले. तुमच्या कामासाठी उपयोगाचा धागा आहे अर्थतज्ज्ञ ओडेड स्टार्क आणि डेव्हिड ब्लूम यांनी १९८५ च्या सुमारास मांडलेला. निर्णय एकट्या माणसाचा नसतो, कुटुंबाचा असतो. आणि कुटुंब फक्त जास्त पगारासाठी माणूस पाठवत नाही, जोखीम वाटून घेण्यासाठीही पाठवतं. एक भाऊ कुवेतला, एक मुंबईत, एक घरी कलमांकडे, ही आपल्याकडची रचना या चौकटीत नेमकी बसते. एवढा सिद्धांत पुरे. पन्नास पानं 'ढकलणारे आणि खेचणारे घटक' यांवर खर्च करू नका.

आता आकडेवारी. जिल्हा पातळीवर 'रत्नागिरीतून इतके लोक आखातात' असं सांगणारा तयार, भरवशाचा आकडा मिळणार नाही. प्रत्येक स्रोत काय मोजतो हे कळलं की कारणही कळतं.

जनगणना इथे असलेल्या माणसाला विचारते की तो कुठून आला. जो देशाबाहेर आहे तो तिच्या मोजणीतच नाही. तिच्यात सावली तेवढी दिसते. २००१ ते २०११ या काळात रत्नागिरीची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्गाचीही घटली आणि २०११ मध्ये रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. पण त्या सावलीत मुंबई किती आणि मस्कत किती, हे वेगळं करता येत नाही. माझ्या मते मुंबईच फार मोठी आहे.

परराष्ट्र मंत्रालयाकडे ई-मायग्रेट या ऑनलाइन प्रणालीची नोंद असते, पण ती मुख्यतः ईसीआर (जाण्याआधी सरकारी मंजुरी लागणाऱ्या) पासपोर्टवर ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांची, म्हणजे ढोबळमानाने दहावी न झालेल्यांची. या यादीत उत्तर प्रदेश आणि बिहार वर दिसतात. आयटीआय करून वेल्डर किंवा फिटर म्हणून सौदीला गेलेला चिपळूणचा मुलगा दहावी पास असतो, त्याला या मंजुरीची गरजच नसते. म्हणजे ती यादी पाहून 'कोकणातून आता कुणी जात नाही' असं लिहिणं चूक ठरेल. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २००७-०८ च्या ६४ व्या फेरीत परदेशी गेलेल्यांचे आणि त्यांच्या पैशाचे प्रश्न होते, पण एका जिल्ह्यातली नमुना कुटुंबं इतकी थोडी की त्यावर जिल्ह्याचा निष्कर्ष उभा राहत नाही.

आणि रिझर्व्ह बँक. हा आकडा तुम्ही आराखड्यात वापरला आहे म्हणून जरा थांबतो. २०१६-१७ च्या पाहणीत परदेशातून आलेल्या पैशात महाराष्ट्राचा वाटा १६.७ टक्के होता आणि केरळचा १९ टक्के. २०२०-२१ च्या पाहणीत महाराष्ट्र ३५.२ टक्क्यांवर गेला, केरळ १०.२ वर उतरला. तुम्ही यावरून लिहिलं आहे की महाराष्ट्र आता केरळच्या पुढे गेला. पण २०२३-२४ च्या पाहणीत महाराष्ट्र २०.५ आणि केरळ १९.७ टक्के आहे. माणसं आणि त्यांचे पगार इतक्या थोड्या वर्षांत अशा उड्या मारत नाहीत. ही पाहणी कुटुंबांची नाही, पैसे आणणाऱ्या बँका आणि संस्थांची आहे. पैसा कोणत्या राज्याच्या नावावर पडतो हे त्यांच्या नोंदीवर ठरतं. त्यात अमेरिकेतल्या संगणक अभियंत्याने पुण्याच्या खात्यात टाकलेले डॉलरही आहेत. अमेरिकेचा वाटा २०२३-२४ मध्ये २७.७ टक्के होता, संयुक्त अरब अमिरातीचा १९.२. महाराष्ट्राच्या त्या आकड्यातून मंडणगड किंवा राजापूरच्या गावाबद्दल काहीच कळत नाही. प्रस्तावनेतून तो काढून टाका, किंवा त्याच्या मर्यादेसकट ठेवा.

मग केरळला भरवशाचे आकडे गोळा करणं कसं जमलं? तिरुवनंतपुरमच्या सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजमध्ये के. सी. झकारिया आणि एस. इरुदय राजन यांनी १९९८ मध्ये पहिली केरळ स्थलांतर पाहणी केली आणि ती काही वर्षांनी पुन्हा पुन्हा होत राहिली. हजारो घरांत थेट जाऊन विचारायचं: या घरातलं कोण देशाबाहेर आहे, कोण परत आलं, किती पैसा आला. १९९८ मध्ये केरळबाहेर देशोदेशी असलेल्यांचा अंदाज १३.६ लाख होता, २०१३ मध्ये २४ लाख, २०१८ मध्ये २१.२ लाख, २०२३ मध्ये सुमारे २२ लाख. २०१८ ते २०२३ मध्ये माणसं जवळपास तेवढीच राहिली, पण पैसा ८५ हजार कोटींवरून २ लाख १७ हजार कोटींच्या घरात गेला. म्हणजे जाणारा माणूस बदलतो आहे, त्याचं शिक्षण आणि काम बदलतं आहे. हे एकदाच केलेल्या पाहणीत कधीच दिसलं नसतं. गोव्यानेही २००८ मध्ये याच पद्धतीने स्थलांतराचा अभ्यास करवून घेतला. महाराष्ट्रात कोकणासाठी अशी सलग पाहणी नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. तुमच्या कामाची किंमत त्यामुळेच जास्त आहे. केरळचे निष्कर्ष मात्र उचलून रत्नागिरीला लावू नका. तिथली साक्षरता, जमीन सुधारणा, नर्सांचं स्थलांतर हे सगळं वेगळं आहे. पद्धत घ्या.

आता त्या दुसऱ्या २०० कुटुंबांकडे येऊ.

आखातात जाणारा माणूस गावातला सरासरी माणूस नसतो. एजंटचा खर्च उभा करावा लागतो. कायद्याने एजंटला ३० हजार रुपये आणि कर एवढंच शुल्क घेता येतं, पण प्रत्यक्षात त्याहून बरंच जास्त मोजलेली माणसं तुम्हाला घरोघर भेटतील. त्यासाठी बायकोचे दागिने तारण ठेवावे लागतात, नाहीतर आधी गेलेला मामा किंवा चुलता व्हिसा पाठवतो. ज्या घरात हे दोन्ही नाही ते घर जात नाही. मग दहा वर्षांनी आपण जातो, जाणाऱ्याचं चिऱ्याचं दुमजली घर आणि न जाणाऱ्याचं कौलारू घर पाहतो आणि फरकाचं सगळं श्रेय आखाताला देतो. तो फरक आखाताच्या आधीही काही प्रमाणात होताच.

ही चूक किती मोठी असू शकते हे प्रशांत महासागरातल्या टोंगा या बेटदेशाच्या अभ्यासावरून कळतं. न्यूझीलंड टोंगातून येऊ इच्छिणाऱ्यांपैकी काहींना सोडतीने प्रवेश देतं. डेव्हिड मॅकेन्झी, जॉन गिब्सन आणि स्टीव्हन स्टिलमन यांनी सोडतीत नाव लागलेले आणि अर्ज करूनही न लागलेले यांची तुलना केली. सोडतीमुळे दोन्ही गट खरोखर सारखे होते. मग त्यांनी तीच मिळकतवाढ नेहमीच्या पद्धतींनी, म्हणजे न गेलेल्या सर्वसाधारण लोकांशी तुलना करून काढली. बहुतेक नेहमीच्या पद्धतींनी फायदा २० ते ८२ टक्क्यांनी फुगून आला. तुमचा आराखडा या नेहमीच्या पद्धतींतलाच आहे.

रत्नागिरीत सोडत नाही. पण दोन वाटा आहेत.

पहिली: तुलनेचा गट 'न गेलेले' असा एकच धरू नका. कोकणातल्या कुटुंबासमोर 'आखात की गाव' अशी निवड क्वचितच असते. 'आखात की मुंबई' अशी असते. गिरण्या चालू होत्या तेव्हापासून मनीऑर्डरवर चाललेली ही गावं आहेत आणि आखाताची वाटही बहुधा मुंबईवरून जाते: एजंटची कचेरी, मेडिकल, काम शिकण्याचं वर्कशॉप, सगळं तिथे. तेव्हा चार गट करा: आखातात माणूस असलेली घरं, मुंबई-पुण्यात असलेली, दोन्हीकडे असलेली आणि कुठेच नसलेली. बोटीवर जाणाऱ्यांची घरं पुरेशी सापडली तर ती वेगळी ठेवा, त्यांचा करार आणि पगार दोन्ही निराळे. आखाताची खरी भर कळेल ती चाकरमान्याच्या घराशी तुलना केल्यावर.

दुसरी वाट मला जास्त आवडते: बाहेरून आलेला धक्का शोधा, जो काही घरांना बसला आणि शेजारच्या तशाच घरांना बसला नाही. अर्थतज्ज्ञ डीन यांग यांचा फिलिपिन्सवरचा अभ्यास हा या पद्धतीचा उत्तम नमुना आहे. १९९७ च्या आशियाई आर्थिक संकटात पेसो घसरला. डॉलरशी बांधलेल्या चलनांच्या देशांतून येणारा पैसा पेसोत एकदम वाढला, मलेशिया किंवा कोरियातून येणारा जवळजवळ वाढलाच नाही, कारण ती चलनंही कोसळली होती. कुणाचा मुलगा कुठल्या देशात होता हे संकटाच्या आधीच ठरलेलं होतं. ज्या घरांत पैसा वाढला तिथे मुलं शाळेत जास्त राहिली, बालमजुरी घटली, स्वतःच्या धंद्यात जास्त तास घातले गेले. हा फरक पैशाचाच, असं म्हणायला इथे भक्कम आधार आहे.

हाच प्रयोग रत्नागिरीत जसाच्या तसा चालणार नाही. सौदी रियाल, दिरहम, ओमानी रियाल, कतारी रियाल ही सगळी डॉलरला बांधलेली आहेत आणि कुवेती दिनार चलनांच्या टोपलीला बांधलेला असला तरी फार भरकटत नाही. रुपया पडला की आखातातल्या सगळ्यांच्या घरी पैसा जवळपास सारखाच वाढतो, देशादेशांत फरक उरत नाही. पण धोरणाचे धक्के देशागणिक वेगळे बसले आहेत. सौदीने २०११ मध्ये निताकत, म्हणजे कंपन्यांना ठरावीक प्रमाणात सौदी नागरिक नेमायला लावणारं धोरण, आणलं आणि २०१३ मध्ये त्याची कडक अंमलबजावणी झाली. आझाद व्हिसावर, म्हणजे कागदावर कफील (व्हिसा देणारा मालक) एक आणि काम दुसरीकडे, असं करणाऱ्यांना परतावं लागलं किंवा घाईने कागद नीट करावे लागले. त्याच वेळी ओमान किंवा अमिरातीत असलेल्यांना तसा फटका नव्हता. म्हणून एकाच गावातली २०१० मध्ये सौदीत माणूस असलेली घरं आणि तेव्हा इतर आखाती देशांत माणूस असलेली घरं घ्या. नंतरच्या वर्षांत मुलांच्या शाळा, घराचं अर्धवट राहिलेलं बांधकाम, कर्ज, जमिनीचे व्यवहार यांत काय फरक पडला ते विचारा. दोन्हीकडची घरं 'गेलेल्यां'चीच असल्यामुळे तुलना कितीतरी स्वच्छ होते. इतक्या वर्षांपूर्वीचं लोकांना आठवत नाही ही शंका रास्त आहे. पण 'किती पैसा आला' हे आठवत नसलं तरी 'स्लॅब कोणत्या वर्षी पडला, मुलगी कितवीत होती' हे घरातल्या बाईला पक्कं आठवतं. मेक्सिकोत डग्लस मॅसी आणि होर्हे दुरांद यांनी १९८२ पासून अशा जीवनक्रमाच्या नोंदींवरच मोठं काम उभं केलं आहे.

इथवरचं थोडक्यात: तयार आकड्यांवर विसंबू नका, 'न गेलेले' हा एकच गट धरू नका, आणि जमल्यास सौदीच्या धक्क्याचा आधार घ्या. आता गावात काय करायचं ते.

सगळ्यात आधी घरयादी करा. ग्रामपंचायतीचा घरपट्टीचा उतारा घेऊन वाडी-मोहल्ल्यातून प्रत्येक घर नोंदवा, बंद घरं वगळू नका. नमुना निवडताना बहुतेक विद्यार्थी कुलूप दिसलं की पुढच्या घरी जातात. कोकणात ते कुलूप हीच तुमची माहिती आहे. जे कुटुंब पूर्ण उठून मुंब्र्याला, नवी मुंबईला किंवा दुबईला गेलं ते स्थलांतरात सर्वात पुढे गेलेलं असतं आणि घरातल्या माणसाला विचारणाऱ्या कुठल्याही पाहणीत ते सापडत नाही. शेजाऱ्याला विचारा: कुणाचं घर, कधीपासून बंद, कुठे असतात, मे महिन्यात येतात का, कलमं कोण बघतं. त्याचप्रमाणे जे हात हलवत परत आले, ज्यांना एजंटने फसवलं, ज्यांचं दोन वर्षांत आजारपणाने संपलं, त्यांची घरं 'न गेलेली' म्हणून दुसऱ्या गटात जाऊन बसतात. 'सध्या कोण आहे' याबरोबर 'कधीही कोण गेलं होतं' हा प्रश्न यादीतच हवा.

जायचं कधी हेही महत्त्वाचं. मे महिन्यात लग्नं असतात, ईदला माणसं येतात, तेव्हा गेलेला माणूस स्वतः भेटतो. पण तो घरी असताना त्याची बायको तुमच्याशी मोकळं बोलणार नाही. तिच्यासाठी पावसाळ्यात किंवा दिवाळीनंतर पुन्हा जा, आणि सोबत महिला सहकारी हवीच. केरळात लीला गुलाटी यांनी आखातात गेलेल्यांच्या बायकांचा अभ्यास केला तेव्हा एकटेपणाइतकीच बँक, शाळा, बांधकामाचा गवंडी हे सगळं स्वतः हाताळणाऱ्या बायकाही त्यांना दिसल्या. सासू एकत्र असेल तर चित्र वेगळं असतं. तुमच्या प्रश्नावलीत 'कुटुंबप्रमुख' एवढाच रकाना आहे. खात्यावर सही कुणाची, एटीएम कार्ड कुणाकडे आणि मोठ्या खर्चाचा शब्द कुणाचा, हे तीन प्रश्न वेगळे करा.

'परदेशातून आलेला पैसा कशावर खर्च केला?' हा प्रश्न काढून टाका. पैसा एकदा घरात आला की त्याला वेगळं नाव राहत नाही. दुबईच्या पैशातून किराणा भरला म्हणून आंब्याचे पैसे कॉलेजच्या फीला वाचले, तर शिक्षण कुणाच्या पैशावर झालं? एकूण खर्च आणि एकूण मालमत्ता विचारा आणि गटागटांत त्यांची तुलना करा. हुंडीबद्दल (बँकेबाहेरून येणाऱ्या पैशाबद्दल) थेट विचारू नका, पासपोर्ट किंवा इकाम्याचे (तिथल्या निवास परवान्याचे) नंबर उतरवून घेऊ नका, नावांची यादी उत्तरांपासून वेगळी आणि कुलपात ठेवा. अनोळखी माणूस कागद मागतो तेव्हा लोकांना वाटणारी धास्ती खरी असते.

राहिला 'विकास'. हा शब्द तुमच्या शीर्षकात आहे आणि आराखड्यात त्याचा अर्थ फक्त आखाती कुटुंबांचं उत्पन्न एवढाच आहे. घर बांधणं हा अनुत्पादक खर्च, असं जुन्या अहवालांत नेहमी लिहिलेलं असतं. मला ते पटत नाही. चिऱ्याची खाण, ट्रक, गवंडी, सुतार, रंगारी या सगळ्यांना त्यातून काम मिळतं. पण ते काम कुणाला मिळतं हे विचारा, कारण बांधकामावर बाहेरून आलेले मजूर पुष्कळ असतात आणि मग त्या पैशाचा एक भाग त्यांच्या गावी निघून जातो. रत्नागिरीच्या आंबाबागांत राखणीपासून फवारणीपर्यंत नेपाळी कामगार किती आहेत ते तुम्ही पाहिलंच असेल. इथला माणूस कुवेतला, आणि त्याच्या बागेत नेपाळचा माणूस. तो घरी पैसा पाठवतो, आणि नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नात बाहेरून येणाऱ्या पैशाचा वाटा एक पंचमांशाहून जास्त आहे. त्याला वगळून 'रत्नागिरीवर परिणाम' लिहिला तर हिशोबाची एक बाजू राहूनच जाते. तसंच ज्या वाडीतून कुणीच आखातात जात नाही, जिथे भूमिहीन किंवा कातकरी कुटुंबं राहतात, तिथे मजुरीचे दर, जमिनीची किंमत आणि खासगी शाळा निघाल्यावर जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट यांचं काय झालं? न गेलेल्यांवरचा परिणाम हाही परिणामच आहे. तुलनेचा गट स्वतःच बदललेला असतो, हे लक्षात ठेवण्याचं आणखी एक कारण.

एवढं सगळं एका प्रबंधात मावणार नाही. मी तुमच्या जागी असतो तर खेड किंवा दापोली तालुक्यातली तीन गावं घेतली असती: एक जिथून आखातात जाणं जुनं आहे, एक जिथून प्रामुख्याने मुंबईला जातात, आणि एक मिश्र. पहिलं वर्ष घरयादी आणि मोकळ्या मुलाखती, त्यातून प्रश्नावली, दुसऱ्या वर्षी पाहणी. मार्गदर्शकांना ४०० हाच आकडा हवा असेल तर ४०० ठेवा, फक्त ती घरं घरयादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेली असू द्या, ओळखीच्यांच्या ओळखीने नव्हे. घरयादीचा कोरा तक्ता तयार झाला की इथे टाका. बंद घराचा आणि परत आलेल्या माणसाचा रकाना कसा लिहिला आहे ते मी आधी बघेन.